मकनसेचा तिसरा दिवस

बुधवारी सकाळी गरम वालांचं भांडं घेऊन घरी परत येताना आमच्याच इमारतीच्या दारापाशी माझ्या कपाळावर टोपली आपटली. लागलं असं काही नाही, वेताची हलकी टोपली ती. पण मी दचकून मागं सरलो, भांडं कलंडलं आणि अर्धे वाल इस्त्रीच्या पँटवर सांडले. टोपली तिसऱ्या मजल्यावरच्या इफ्फतबाईंची. रोज ती खालच्या हाजी सनूसीच्या दुकानासमोर बरोबर त्याच्या कमरेएवढ्या उंचीवर येऊन थांबते. आज डोक्याच्या उंचीवर लोंबकळत होती आणि हलत होती. म्हातारीला आता दोरसुद्धा नीट सोडता येत नाही, असं मी मनात म्हटलं, आणि म्हणताना मला जरा बरं वाटलं. हेही सांगून टाकतो, कारण त्या दिवसातलं काही लपवायचं असतं तर मी सांगायलाच बसलो नसतो.

“हाजी, ही टोपली खाली तरी घ्यायला सांगा नाहीतर वर तरी. डोकं फुटलं असतं माझं.”

“तुमचं डोकं कसलं फुटतंय वहीदसाहेब, टोपली फुटली असती,” हाजी चीज कापता कापता म्हणाला. “मकनसा सुरू झालीय. वारा हलवतोय तिला.”

मग तो बाहेर आला, टाचा उंचावून त्यानं चीजचा पुडा टोपलीत टाकला आणि हात पुसत आत गेला. वर त्यानं पाहिलं नाही. कुणीच पाहत नाही. वर बाईमाणूस असतं, घरच्या कपड्यांत असतं; खालून जाणाऱ्या पुरुषानं टोपलीकडे बघावं, दोराकडे बघू नये, हे मला आईनं शिकवलं तेव्हा मी पाच वर्षांचा असेन. मी टोपलीत डोकावलो. सोमवारच्या भाकऱ्या कडक होऊन वाकल्या होत्या. त्यांच्यावर दोन दिवसांची वर्तमानपत्रं, औषधाच्या दुकानातून आलेली रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी, कालच्या भाकऱ्या, आणि सगळ्यांवर हे चीज. मी म्हटलं, हाजी, बाईंनी काही उचललेलं दिसत नाही. तो आतूनच म्हणाला, “रुसल्या असतील. गेल्या रमजानात दोन दिवस टोपली ओढली नव्हती, लोणी खवट निघालं म्हणून. मानी बाई आहे. आपण आपलं टाकत राहायचं.” यात चुकीचं काही नव्हतं. कुणी दुसऱ्याच्या टोपलीतलं काढत नाही, आणि टोपली खाली असेल तर तिच्यात टाकायचं नाही असंही कुणी करत नाही. सगळे आपापल्या परीनं सभ्यपणे वागत होते.

आमच्या अलेक्झांड्रियातल्या वादळांना नावं आहेत, तारखा आहेत. जावयासारखी ती ठरलेल्या दिवशी येतात आणि ठरलेले दिवस राहतात. नोव्हेंबरची सोळा तारीख उजाडली की मकनसा, म्हणजे केरसुणी. रस्ते झाडून नेते म्हणून तिचं हे नाव. यंदा सोळा तारीख सोमवारी आली. लोकांनी होड्या ओढून घेतल्या, खिडक्यांना चिंध्या कोंबल्या, लोकरी टोप्या बाहेर काढल्या, आणि मकनसा आलीच नाही. पण हे कुणी म्हणेना. ट्रामच्या थांब्यावर बायका डोक्यावरचा रुमाल हातानं धरून उभ्या होत्या. कोपऱ्यावर दोन म्हातारे एकमेकांना ‘काय वारा आहे’ म्हणत होते. आमचा सगळा मुहर्रम बेक मोहल्ला नसलेल्या वाऱ्याला पाठ देऊन चालत होता. मी त्या सकाळी पँटवरचे वाल निपटत उभा होतो तेव्हा समोरच्या घराच्या तारेवर चादर वाळत होती, ती भिंतीसारखी सरळ होती. बटाटे भाजणाऱ्याच्या गाडीतून धूर निघत होता, तोही सरळ वर चालला होता. हलत होती ती फक्त टोपली. दोनदा हलायची, थांबायची. पुन्हा एकदा हलायची. मला ते दिसलं. दिसलं आणि मी आत गेलो, कारण पँट बदलायची होती.

घरात नगवानं, माझ्या बायकोनं, माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. “अबू हाझिम,” ती मला मुलाच्या नावानंच हाक मारते, “रजेच्या दिवशी तरी माणसासारखे राहा. ही पँट आता कोण धुणार, तुमची गोदीची कचेरी?” मी टोपलीचं सांगितलं. ती हसली नाही. परातीतला तांदूळ निवडत म्हणाली, “तीन दिवस झाले, त्यांच्या रेडिओचा आवाज नाही.” मग थोड्या वेळानं, “बहगतसाहेब काल पुन्हा फोनवर होते. वसंतापर्यंत घर दाखवा म्हणाले, नाहीतर मुलीला दुसरी स्थळं आहेत.” परातीत तांदळाचा आवाज होत राहिला.

आमच्या मुलाचं, हाझिमचं, लग्न बहगतसाहेबांच्या मुलीशी ठरलंय, घर नाही. इमारत वडिलांची, आता माझी आणि बहिणीची. पहिल्या मजल्यावर आम्ही, दुसरा बंद, कारण बहीण कुवेतला. तिसऱ्यावर इफ्फतबाई, चाळीस वर्षांपूर्वीच्या भाडेकरारावर. त्या जिवंत आहेत तोवर ते घर त्यांचं, त्यानंतर आमचं. मूलबाळ नाही, नवरा केव्हाच गेलेला. कायदा असा साधा आहे की त्याच्यामुळे चांगली माणसंही जिन्यावरच्या पावलांकडे कान देऊन बसतात. दोन वर्षांपूर्वी मी रव्याच्या बसबूसा वड्यांचा डबा घेऊन वर गेलो होतो आणि फार गोड बोललो होतो. बाईंनी माझ्या बहिणीला शाळेत शिवण शिकवलंय. त्या माझ्याकडे वाकड्या टाक्याकडे बघावं तशा बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “वहीद, पुन्हा हा जिना चढशील तो मला खाली न्यायलाच चढ.” डबा त्यांनी परत दिला. तेव्हापासून मी पहिल्या मजल्याच्या वर गेलो नव्हतो. मला राग आला होता, पण रागापेक्षा एक वेगळीच गोष्ट मनात रुतून बसली होती: मी चढलो म्हणजे त्या गेल्या. जणू हे माझ्या पायांवर होतं.

आणि माझ्याकडे त्यांच्या घराची किल्ली होती. हे नगवालाही माहीत नव्हतं. बाईंचा नवरा गेला तेव्हा त्यांनी ती माझ्या वडिलांकडे ठेवायला दिली होती, अडीअडचणीला म्हणून. वडील गेल्यावर त्यांच्या खणात ती मला सापडली, हिरव्या लोकरीत गुंडाळलेली. परत करायला हवी होती. बाई विसरल्या असतील असं मी धरून चाललो. कधी कधी झोप आली नाही की मी मनातल्या मनात ते दार उघडायचो आणि आत हाझिमचा सोफा लावायचो. बाल्कनीच्या बाजूला सोफा, शिवणयंत्राच्या जागी फ्रिज. या लावालावीत बाई कुठंच नसायच्या. त्यांना कुणी नेलं, केव्हा नेलं, हा प्रश्नच यायचा नाही. इतकं स्वच्छ काम मी कचेरीतही कधी केलेलं नाही.

पँट बदलून मी कामांना निघालो. बुटाची टाच बसवायची होती, वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची नक्कल काढायची होती, नगवाला फ्लॉवर हवा होता. दारातून बाहेर पडताना मी टोपलीखालून वाकून गेलो. तिनं माझ्या पाठीला स्पर्श केला. मुद्दाम केल्यासारखा. चांभाराचं दुकान बंद होतं; फळीवर खडूनं लिहिलं होतं, ‘मकनसेमुळे बंद’. मग सैल टाच फटफटवत मी नोंदणी कचेरीत गेलो. तिथे तासभर रांग. माझ्या पुढच्या माणसाच्या कोटाला मागं एक दोरा लोंबत होता आणि माझी नजर त्यावरून हलेना. तो दोरा हलला तर काय करायचं, असा एक खुळा विचार मी तासभर करत होतो. हलला नाही. माझी पाळी आली. अर्ज भरून दिला. खिडकीतल्या बाईनं चष्मा वर केला.

“मयत तुमच्या कोण?”

“वडील.”

“वडिलांचं नाव इफ्फत?”

मी अर्ज खिडकीतून ओढून घेतला. ‘मयताचं नाव’ या शब्दांपुढे माझ्याच अक्षरात, माझ्या त्या कचेरीतल्या गोलसर नीट अक्षरात, लिहिलेलं होतं: इफ्फत. पुढे त्यांच्या नवऱ्याचं नावसुद्धा. मृत्यूच्या तारखेची जागा मी कोरी ठेवली होती.

“तारीख घाला की,” बाई म्हणाली. “कधी वारल्या?”

मागून कुणीतरी म्हणालं, दादा, आटपा, वारा वाढतोय. मी काहीतरी पुटपुटलो आणि बाहेर आलो. मला भीती वाटत होती, आणि ती भीती बाईंच्या मरणाची नव्हती. त्या मेल्या असतील हे मी सकाळपासून जाणत होतो असं आता मला वाटत होतं. भीती याची की त्या मेल्या नसतील आणि मला ते माहीत आहे. ट्राममध्ये बसलो तेव्हा कंडक्टरनं खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या, वाऱ्यासाठी. लोकांनी लावल्या. बंद डब्यात आम्ही सगळे घाम पुसत बसलो. शाळेच्या गच्चीवरचा झेंडा काठीला चिकटून होता. मी शेजारच्या माणसाला म्हटलं, वारा नाहीये. तो सौजन्यानं हसला, जसं आपण तापात बरळणाऱ्या माणसाकडे बघून हसतो.

आमची आई गावी, दमन्हूरला, एकटी असताना वारली. तिचा भाऊ शेजारी होता, म्हणून तिला एकटी म्हणता येणार नाही असं आम्ही त्या वेळी ठरवलं. ती गुरुवारी फोनवर म्हणाली होती, जमलं तर ये. मी विचारलं होतं, तब्येत बरी नाही का? ती म्हणाली, बरी आहे, जमलं तर ये. शनिवारी कचेरीत तपासणी होती. मी सोमवारी गेलो. हे मला ट्राममध्ये आठवलं असं म्हणणं खोटं होईल. आठवण्यासाठी आधी ते मनातून जावं लागतं, ते कधी जातच नाही. पण त्या दिवशी तिच्या आवाजातलं ते ‘जमलं तर’ फार जवळून ऐकू आलं, जणू ती मागच्या बाकावर बसून बोलत होती. मी मागं पाहिलं नाही.

घराशी पोचलो तेव्हा दुपारची नमाज होऊन गेली होती. फ्लॉवर आणायचा राहिला होता. टोपली तशीच होती, डोक्याच्या उंचीवर, आणि चीजमधून पाणी सुटून खाली एक डाग पडला होता. मांजरं डागाभोवती बसली होती. ती मात्र वर बघत होती, सगळी. हाजी सनूसी स्टुलावर डुलक्या घेत होता. मी म्हटलं, “हाजी, एकदा वर जाऊन या ना. तुमचं गिऱ्हाईक आहे.”

“गुडघे कुणाचे दुखतात? आणि बाईमाणसाच्या दारात मी एकटा? तुम्ही घरमालक, तुम्ही जा.”

“मला त्यांनी यायला मना केलंय.”

“मग फोन करा. नंबर तिथे भिंतीवर लिहिलाय.”

मी त्याच्या दुकानातल्या फोनवरून नंबर फिरवला. क्षणभर काही नाही. मग वर, तिसऱ्या मजल्यावर, उघड्या बाल्कनीतून घंटा वाजायला लागली. कानाला लावलेल्या फोनमध्ये एक घंटा, आणि वरून गल्लीत उतरणारी तीच घंटा, अर्धा श्वास मागं. मी दुकानाच्या उंबऱ्यावर उभा होतो, तिथून टोपली हातभर अंतरावर होती. घंटा वाजली तशी ती हलली. दुसरी वाजली, पुन्हा हलली. मग घंटेची वाट न बघता हलायला लागली, झटके देत, आतल्या कडक भाकऱ्या एकमेकींवर आपटत होत्या. समोरची चादर सरळच होती. मांजरं उठून पळाली. “हाजी,” मी म्हटलं, “हे बघा.” हाजीनं डोळे न उघडता म्हटलं, “मकनसा हो. चार दिवस चालायची.”

मी फोन ठेवला. टोपली थांबली. आणि आयुष्यात पहिल्यांदा, पन्नाशीच्या वयात, भर गल्लीत मान मागं टाकून मी दोराकडे बघितलं. दोर बाल्कनीच्या कठड्यापर्यंत सरळ गेला होता. कठड्यावर हात नव्हता.

किल्ली घ्यायला घरात शिरलो तेव्हा नगवा झोपली होती, किंवा डोळे मिटून पडली होती. खण उघडताना आवाज झाला. ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, “कुठं?” मी म्हटलं, वर. ती उठून बसली. म्हणाली, “पाणी घेऊन जा बरोबर.” तिला किल्लीचं काही विचारायचं सुचलं नाही, की सगळं आधीपासून ठाऊक होतं, ते मी आजवर विचारलेलं नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दिवा नाही. तिथे मी थांबलो. खाली उतरावं, पोलिसांना सांगावं, उद्या सांगावं. उद्या सगळं आपोआप झालेलं असेल, माझा काही हात असणार नाही, वसंतात लग्न होईल. अंधारात मी हे नीट शब्दांत ऐकलं, माझ्याच आवाजात. घृणा आली. तरी पाच मिनिटं तरी मी तिथे उभा असेन. मग पाण्याची बाटली हातातून निसटली, दोन पायऱ्या गडगडत गेली, आणि ती उचलायला वाकलो त्या हालचालीतच बहुधा मी पुढे चढलो.

दार पहिल्याच फेरीला उघडलं. घरात कोंदट वास होता, आणि कपाटातल्या लॅव्हेंडरचा. “अब्ला,” मी हाक मारली; शाळेतल्या बाईंना लहानपणी म्हणायचो तशी. “अब्ला, मी वहीद.” हाक मारता मारता माझे डोळे भिंतीवरून फिरत होते, सोफा मावेल का बघत होते. मला ते थांबवता येईना. सोफा मावत होता. मी धावत बाल्कनीत गेलो.

त्या फरशीवर कुशीवर पडल्या होत्या, तुळशीच्या डब्यांच्या आणि भिंतीच्या मधे. उजवा हात अंगाखाली सापडलेला, निळसर सुजलेला. डावा छातीशी. डोळे उघडे होते आणि माझ्याकडे बघत होते. दोराचं टोक कठड्याच्या आकड्याला बांधलेलं होतं, त्यांच्यापासून दीड हात वर. मी गुडघ्यावर बसून त्यांच्या ओठांना पाणी लावलं. आधी सगळं बाहेर आलं. मग एक घोट आत गेला. मी रडत होतो; कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. फक्त त्या जगल्या म्हणून, असं म्हणणं फार सोपं होईल.

ॲम्ब्युलन्स अर्ध्या तासात आली. तोवर नगवानं त्यांना शालीत गुंडाळलं, केस सारखे केले. हाजी सनूसी गुडघे धरत वर आला, दारातच डोकं बडवत उभा राहिला, “मी रोज टाकत होतो हो, रोज टाकत होतो” म्हणत. खाली सगळी गल्ली जमली. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, देव तुझे हात सलामत ठेवो म्हणालं. बायका वरून बाल्कन्यांतून आशीर्वाद देत होत्या. मी ते घेतले. दोन माणसांनी बाईंना झोळीत घातलं आणि जिना उतरायला लागले. मी डोक्याशी होतो, बाटली धरून. पाण्यानं त्यांना थोडा आवाज आला होता, कागद चुरगाळावा तसा.

“सोमवारी टोपली सोडताना पडले,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवशी हाका मारल्या. खाली भंगारवाल्याचा कर्णा चालला होता.”

“बोलू नका अब्ला.”

“किल्ली तुझ्याकडे आहे हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला दार फोडावं लागलं असतं. म्हणून दोर ओढत होते. तुझ्यासाठी.” दुसऱ्या मजल्याच्या अंधाऱ्या वळणावर माणसं झोळी फिरवायला थांबली. बाईंचा चेहरा दिसत नव्हता, आवाज तेवढा येत होता. “काल संध्याकाळी, मगरिबच्या अजानीला हात मेला. दोर सुटून वर गेला. मग मी नाद सोडला. म्हटलं, आता कशाला येतोय तो.”

“पण आज,” मी म्हटलं. “आज सकाळीही हलत होती टोपली. मी फोन केला तेव्हाही. मी बघितलं. मला वाटलं, वारा आहे.”

झोळी वळली. खालच्या मजल्याचा उजेड त्यांच्या तोंडावर आला. माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, “वारा कुठे होता रे?”

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्या खरंच विचारत होत्या.